शेवटाच्या जरा अलीकडे

"लेन्समध्ये काही बिघाड नाही, काकू," दुरुस्तीवाली म्हणाली. "तुम्ही रिंग शेवटपर्यंत फिरवलीत, एवढंच झालंय."

तिनं हे इतक्या सहज सांगितलं की मला आधी हसूच आलं. तीन संध्याकाळी मी गच्चीवर घालवल्या होत्या, गुडघ्याला पट्टा बांधून. लांबच्या ढगांतल्या विजांचे सत्तर-ऐंशी फोटो काढले होते आणि ते एकजात सगळे दुधावरच्या सायीतून पाहावेत तसे आले होते. दोष लेन्सचा, हे ठरवूनच मी दुकानात शिरले होते. दोष कुणाचा ते ठरवून मगच आत शिरायची मला सवय आहे. "मग काय अर्ध्यावर ठेवायची?" मी म्हणाले. "वीज काय शेजारच्या गल्लीत पडते? चाळीस किलोमीटरवरचे ढग ते. रिंगवर सगळ्यात लांबची खूण म्हणजे हा आडवा पडलेला आठ, आणि तो आहे शेवटाला. वस्तू लांबची, म्हणून खूण शेवटची. यात चुकलं काय?"

"सगळे हेच करतात," ती म्हणाली. वय असेल पस्तिशीचं. डोळ्याला लावलेलं घड्याळजीसारखं भिंग कपाळावर सरकवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "लहान लेन्सला ते खपून जातं. ही लांब नळीची. उन्हात हिचा धातू फुगतो, थंडीत आवळतो, म्हणून बनवणारे शेवटाला थोडी जास्तीची जागा ठेवतात. अगदी टोकाला नेलीत की ती अनंताच्याही पलीकडे बघायला लागते, आणि तिथं काही नसतं. खरा फोकस शेवटाच्या जरा अलीकडे. तो दर वेळी शोधायचा. लांबचा एखादा दिवा धरायचा, थोडं पुढं जायचं, थोडं मागं यायचं, दिवा बारीकात बारीक झाला की थांबायचं. आणि वर चिकटपट्टी लावून टाकायची."

"चिकटपट्टी," मी म्हणाले.

"हो, साधी. नाहीतर कुणाचा तरी हात लागतो."

मी लेन्स पिशवीत घातली, आभार मानले की नाही आठवत नाही, आणि बाहेर येऊन बसथांब्याच्या बाकावर बसले. माझी बस आली, दार उघडलं, मिटलं, बस गेली. माझा उजवा अंगठा पिशवीच्या बंदावर होता आणि त्या अंगठ्याला काहीतरी आठवत होतं. डोक्याला अजून पत्ता नव्हता, अंगठ्याला होता. ही रिंग फिरत फिरत शेवटाला येते तेव्हा किंचित जड होते आणि मग टक् करून थांबते. तो टक् या आठवड्यात गच्चीवर मला ओळखीचा वाटला होता, आणि बरंही वाटलं होतं, जुन्या घराची कडी हाताला लागावी तसं. आता कळलं ओळखीचा का ते. तो टक् मी आधी एकदा केला होता. सदतीस वर्षांपूर्वी, याच लेन्सवर, याच अंगठ्यानं, धाकट्याची पाठ वळलेली असताना. समोरून शाळेच्या पोरी एकमेकींना ढकलत गेल्या, एकीनं मला विचारलं, "आजी, बरं वाटत नाहीये का?" मी म्हणाले, "ऊन लागलंय," आणि वर बघितलं तर आभाळ भरलेलं होतं.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी लहान. पुढच्या महिन्यात साठीचा होईल, तरी धाकटाच. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी तेरा. वडील महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. तेव्हा घर मीच चालवलं, आणि चालवायची खोड लागली ती लागलीच. मला अर्धवट सोडलेलं काही बघवत नाही. ठिबकणारा नळ, सैल झाकण, फटीएवढं उघडं राहिलेलं कपाटाचं दार, समोरच्या माणसाच्या शर्टाचं वरचं बटण. दिसलं की माझा हात गेलाच. चौतीस वर्षं मी कवळ्या करायच्या कारखान्यात काम केलं. या शहरातले कितीतरी लोक माझे दात दाखवून हसतात आणि त्यांना माझं नावही माहीत नाही. तिथं माझी ख्याती अशी, की हिच्या हातून गेलेली कवळी परत येत नाही. कुणाच्याही टेबलापाशी जायचं, साच्यावर बोट फिरवायचं, "इथं राहिलंय" म्हणायचं. पोरी मागं माझ्या नकला करायच्या. मला ठाऊक होतं आणि मला ते आवडायचंही. चूक काढणाऱ्याला आपलं काही चुकलं असेल हे सुचतच नाही. त्याचे दोन्ही डोळे दुसऱ्यांच्या कामावर असतात.

धाकट्याला लहानपणी घरात मुंगळ्या म्हणत. एखाद्या गोष्टीला चिकटला की मान तुटेल पण सुटणार नाही. पतंगाला चिकटला, मग रेडिओ उघडायला, मग कॅमेऱ्याला. बाविसाव्या वर्षी त्यानं ही लेन्स जुन्या बाजारातून उचलून आणली, हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, राखी रंग उडालेली. घरात आणली तशी माझ्या मांडीवर ठेवली, तान्हं मूल ठेवावं तशी, आणि म्हणाला, "ताई, आता लांबचं जवळ येणार." एका वर्तमानपत्रात छायाचित्रकाराची जागा होती. तिथल्या संपादकांनी त्याला सांगितलं होतं, सहा फोटो घेऊन या, त्यात एक तरी असा हवा की तो बघताना माझा चहा गार झाला पाहिजे. पाच तयार होते. सहावा विजेचा काढायचा, आणि तोही जवळच्या विजेचा नाही. डोक्यावरची वीज कुणीही काढतं, तो म्हणायचा. पाऊस आपल्यावर नको, आपल्याकडे आभाळ कोरडं आणि लांब क्षितिजावर अख्खं वादळ उभं, त्याच्या पोटातली वीज मुळापासून शेंड्यापर्यंत, धारदार. उन्हाळा सरत आला की आमच्या त्या भाड्याच्या घराच्या गच्चीवरून तशी वादळं दिसायची, आवाज न करता चालणारी. आम्ही जेवणं आटपून, काही वेळा न आटपताच, वर जायचो. तो स्टँडच्या पायांना विटा बांधायचा, वाऱ्यानं हलू नये म्हणून. मी पाण्याच्या टाकीला टेकून बसायची. त्या दिवसांत माझं लग्न जमत होतं, मोडत होतं, मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. मला गच्चीवर तापलेल्या सिमेंटची ऊब पाठीला लागायची आणि वाटायचं, हे असंच राहावं. ते तसं राहिलं नाही हा काही कुणाचा दोष नाही. पण आता त्यातला एक भाग माझा निघाला.

त्या संध्याकाळी उजेड अजून पुरता गेला नव्हता. पश्चिमेला आभाळ काळं-जांभळं होऊन आत कुठंतरी लुकलुकायला लागलं होतं. टेकडीवरच्या मनोऱ्याचा तांबडा दिवा आमच्यापासून पाच-सहा किलोमीटरवर. धाकट्यानं डोक्यावर माझी जुनी काळी ओढणी घेतली, डोळा कॅमेऱ्याला लावला आणि रिंग फिरवत बसला. पुढं, मागं, पुढं, जरासं मागं. किती वेळ! मला वाटलं हा असाच म्हातारा होणार. मग ओढणीतून आवाज आला, "आलं. ताई, ये, बघ, टाचणीचं टोक." मी डोळा लावला. मला एक तांबडा ठिपका दिसला. मी म्हणाले, "छान." "आता हे असंच बसवून टाकतो. चिकटपट्टी खाली राहिली, आलोच," असं म्हणून तो जिन्याकडे पळाला.

आणि मी रिंगकडे पाहिलं. खूण आठावर नव्हती. आठाच्या जरा अलीकडे, एवढ्याशा अंतरावर थांबलेली होती. पोरगं घाईत अर्धवट सोडून गेलं, मला वाटलं. हे मला अगदी स्वच्छ आठवतंय, शब्दांसकट: पोरगं घाईत अर्धवट सोडून गेलं. मी अंगठ्यानं ती रिंग टोकाला नेली. टक्. मला समाधान वाटलं, नळ नीट बंद केल्यावर वाटतं तेवढंच, त्याहून जास्त नाही, आणि पुढच्या क्षणी मी ते विसरूनही गेले. तो धापा टाकत वर आला तोवर धुळीचा पडदा येऊन मनोऱ्याचा दिवा झाकला होता, वीज मात्र सुरू झाली होती, पुन्हा तपासायला ना दिवा होता ना वेळ. चिकटपट्टीचं टोक त्याला सापडेना. मी त्याच्या हातातून रीळ घेतलं, दातांनी तुकडा तोडला आणि त्याला दिला. तो तुकडा त्यानं रिंगवर दाबून बसवला. माझी चूक त्यानं स्वतःच्या हातानं पक्की केली आणि पट्टी मी पुरवली.

काय वीज मिळाली होती त्याला! ढगातून तीन फांद्या खाली आल्या होत्या आणि चौथी आडवी जाऊन परत वर वळली होती. मोरीतल्या अंधारात लाल दिव्याखाली ती ताटलीत हळूहळू उमटली तेव्हा त्यानं माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ होता. लहान प्रिंटवर सगळं ठीक दिसत होतं. मोठी केली आणि धार गेली. त्यानं कागद बदलला, मोठं करायचं यंत्र बदललं, तीन ठिकाणी जाऊन करून आणली. सगळीकडे तेच. निगेटिव्हच मऊ होती. तरी तो ती घेऊन गेला, कारण दुसरी नव्हती आणि मुदत संपत होती. परत आला तेव्हा मी दारातच उभी होते. बूट काढता काढता त्यानं सांगितलं, एका दमात, जणू दुसऱ्याचंच: "म्हणाले, क्षण पकडलाय पण धार नाही. लांबचं काम डोळ्याचं असतं, आणि डोळा कुणाला शिकवता येत नाही." बूट त्यानं नीट जोडीनं ठेवले. मग पायरीवर बसून म्हणाला, "ताई, मला तो दिवा टाचणीच्या टोकाएवढा दिसला होता गं. मला अजून दिसतोय. म्हणजे मला जे स्पष्ट दिसतं ते स्पष्ट नसतंच." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे रे. सगळ्यांना सगळं जमत नाही." किती मायेनं म्हणाले मी ते. पुढच्या आठवड्यात त्यानं डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, गरुडाचे आहेत. चष्मा लागला असता तर बिचारा सुटला असता.

मग तो लिफ्टच्या कंपनीत लागला, देखभालीच्या कामाला, आणि तिथूनच निवृत्त झाला. काम चोख करायचा. लिफ्ट मजल्यापेक्षा अर्धं बोट वर थांबली तरी माणूस अडखळतो, म्हणून तो दोनदा मोजायचा आणि तिसऱ्यांदा सोबत्याला बोलावून म्हणायचा, "तू बघ जरा." घरी सोबती नव्हता, तिथं मी होते. "ताई, बरोबर आहे ना?" शर्टाचा रंग, भाड्याची खोली, मुलगी पाहायला गेलो तेव्हाही बाहेर येऊन तेच. मुलगी मला आवडली, म्हणून ती माझी भावजय झाली. नशीब की ती चांगली निघाली. तिला हे सगळं लवकरच कळलं. ती हसत हसत म्हणते, "आमच्या घराला दोन दारं आहेत. एक बाहेर जायचं आणि एक वन्संना विचारायचं." एकदा कंपनीनं त्याला दुसऱ्या शहरात शाखा उभी करायला पाठवायचं ठरवलं, मोठी जागा, त्याच्या हाताखाली वीस माणसं. त्याला जायचं होतं. मला दिसत होतं जायचं होतं. त्यानं विचारलं. मी म्हणाले, इथलं काय वाईट आहे? तो गेला नाही. लोक म्हणायचे, काय भाऊ आहे, बहिणीच्या शब्दाबाहेर नाही. आणि मी आपली पदर सावरत हसायची. मला वाटायचं, मी त्याला वाढवलं म्हणून तो मला विचारतो. सदतीस वर्षं वाटायचं. त्या बाकावर बसून मला पहिल्यांदा दिसलं की त्या संध्याकाळच्या आधी त्यानं मला कधी काही विचारलेलं नव्हतं. पतंग, रेडिओ, ती लेन्स, काही म्हणजे काही विचारून आणलं नव्हतं. तो येऊन सांगायचा.

दुसरी बस आली तिच्यात बसले. घरी येऊन चहा न घेताच वर गच्चीवर गेले. दिवेलागणीची वेळ होती, पूर्वेकडच्या कारखान्याच्या धुराड्यावर दिवा लागला होता आणि त्याच्याही मागं, फार लांब, ढग आतून उजळत होते. ही लेन्स धाकट्यानं गेल्या महिन्यात, निवृत्तीनंतर घर आवरताना हाताला लागेल ते वाटत सुटला होता तेव्हा, मला दिली होती: "घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल." मी ती भाचीच्या कॅमेऱ्याला बसवून घेतली होती आणि मनाशी एक बेत केला होता. त्याच्या साठीला त्याच लेन्समधून काढलेली धारदार वीज त्याच्या हातात ठेवायची. बघ, जमतं. म्हणजे पुन्हा मीच. त्याचं राहिलेलं पुरं करायला मीच. कॅमेरा स्टँडवर चढवला, पायांशी पाण्याचा कॅन टांगला, आणि दुरुस्तीवालीनं सांगितलं तसा लांबचा तो दिवा धरून पडद्यावर दहापट मोठा केला. रिंग टोकाला होती. दिवा म्हणजे फुगलेला तांबडा गोळा, पापणीत पाणी असताना दिसतो तसा. मी अंगठ्यानं रिंग मागं घेतली. गोळा आवळला. आणखी जरा. त्याच्या आत दुसरा उजेड दिसला, मग धुराड्याची लोखंडी शिडी, मग शिडीच्या पायऱ्या, आणि मग दिवा एकदम टाचणीच्या टोकाएवढा झाला. थोडी मागं नेली तर पुन्हा फुगला. पुढं आणली. टोक. सदतीस वर्षांपूर्वी त्या ओढणीखाली त्याला हेच दिसलं होतं, इतकंच, अगदी इतकंच, आणि मी "छान" म्हणाले होते.

त्या संध्याकाळी मला वीज मिळाली. सातवा फोटो. पडद्यावर मोठा करत गेले, करत गेले, तरी धार जाईना. प्रत्येक फाटा, फाट्याचा फाटा, खाली जमिनीपाशी केसासारखी एक रेघ. मी तिथंच टाकीपाशी बसून रडले. आनंदानं नाही, पश्चात्तापानंही म्हणवत नाही. मला तो पायरीवर बूट काढताना दिसत होता, आणि पंचविशी ओलांडलेली मी त्याच्या मागं उभी, किती शहाणी, किती मायाळू.

पुढचे चार दिवस मी स्वतःशी भांडले. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे काही उगीच म्हणत नाहीत. त्याला ठाऊक नाही. तो सुखात आहे, झाडांना पाणी घालतो, नातवाला लिफ्टच्या गोष्टी सांगतो. माझ्यात नव्हतं म्हणून झालं नाही, असं म्हणून त्यानं मन कधीच मिटवून टाकलंय. ते आता उघडून त्याच्या पदरात काय पडणार? वर्तमानपत्रातली ती जागा? ते वर्तमानपत्रही बंद पडून वीस वर्षं झाली. सांगून मी मोकळी होणार, आणि तो? फोटो द्यावा, त्यानं कौतुक करावं, आपण जेवून घरी यावं. दुसऱ्या दिवशी वाटायचं, नाही, सांगायलाच हवं. तिसऱ्या दिवशी मी वाक्यं तयार केली. "अरे, एक गंमत सांगायची राहिली," असं सुरू होणारं एक वाक्य होतं. ते मी आरशासमोर म्हणून पाहिलं आणि मला माझ्या तोंडाची किळस आली. फोटोची मोठी प्रिंट करून आणली. ती दिवाणावर ठेवून मी तिच्याकडे पाठ करून बसायची.

रविवारी दुपारी त्याच्याकडे गेले. भावजय आतल्या खोलीत इस्त्री करत होती, तिथूनच ओरडली, "वन्सं, बसा, एवढे चार कपडे झाले की आलेच." धाकटा खिडकीशी खुर्ची घेऊन बसला होता. मी पाकीट त्याच्या हातात दिलं. साठीपर्यंत थांबणं माझ्यानं झालं नसतं. त्यानं प्रिंट बाहेर काढली, उजेडात धरली, आणि मग त्याच्या खांद्यांत काहीतरी झालं, ते वर आले. त्यानं चष्मा काढला, प्रिंट डोळ्यांजवळ नेली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सावकाश बघत गेला. इतका वेळ, की मला आतल्या इस्त्रीची वाफ ऐकू यायला लागली.

"ही आपल्याच लेन्सनं?" तो म्हणाला.

"हो."

"केवढी धार आहे, ताई." त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हेवा नव्हता, ओशाळलेपण नव्हतं. निखळ कौतुक होतं, लहानपणी मी उंच फळीवरचा डबा काढून दिला की असायचं तसं. "मी उगीच लेन्सवर शंका घेत होतो मनातल्या मनात. लेन्स चांगलीच होती. तुला जमलं बघ. तुझी नजर पहिल्यापासून..."

"थांब," मी म्हणाले. "पुढं बोलू नकोस."

मग मी सांगितलं. आरशासमोरचं एकही वाक्य कामाला आलं नाही. मी सांगितलं की तू चिकटपट्टी आणायला खाली गेलास, तेव्हा खूण आठाच्या अलीकडे होती, मला वाटलं तुझं राहिलंय, मी ती शेवटपर्यंत फिरवली. तू लावला होतास तो फोकस बरोबर होता. मी तो घालवला. मला परवापर्यंत कळलं नव्हतं, पण घालवला मीच.

प्रिंट त्यानं मांडीवर पालथी ठेवली.

"मी वर आलो तेव्हा?"

"तेव्हा फिरवून झालं होतं."

"पट्टी तू तोडून दिलीस."

"हो."

"दातांनी."

"हो."

"कशाला हात लावलास?" तो म्हणाला, आणि पुन्हा, मोठ्यानं, "अगं, कशाला लावलास हात?" माझा भाऊ माझ्यावर कधी ओरडला नव्हता. आवाज त्याच्या अंगातून कुठून आला कोण जाणे, त्यालाच तो पेलवेना, तो उठून उभा राहिला. "घर घेताना तुला विचारलं. ती शाखा... मला जायचं होतं, ताई! मला ठाऊक होतं ते काम मला जमेल. ठाऊक होतं, आणि मी म्हटलं, आपल्याला ठाऊक असतं ते खरं नसतं. विचार ताईला. सकाळी शर्ट घालताना विचारायचो मी!" मी खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं आता तो मला जा म्हणेल, आणि गेलं पाहिजे. माझ्या ओठांवर "तुझ्या भल्यासाठीच" आलं होतं, ते मी गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच गिळलं असेल. तो खिडकीपाशी गेला, परत आला, खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. हळूहळू त्याचा श्वास खाली बसला.

"म्हणजे दिवा टोकाएवढाच होता," तो म्हणाला.

"टोकाएवढाच होता."

"मला बरोबर दिसलं होतं."

"तुला बरोबर दिसलं होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग एकदम आतल्या खोलीकडे वळून त्यानं बायकोला हाक मारली, "अगं, इकडे ये. राहू दे ती इस्त्री. आधी इकडे ये." ती घाबरून आली, हातात अर्धवट घडी घातलेला शर्ट. आमचे चेहरे पाहून म्हणाली, "काय झालं? कुणाचं काही..."

"हिला सांग," तो मला म्हणाला. "पहिल्यापासून सांग."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं, कारण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. मी चुकले की लगेच दुरुस्त करत होता: धूळ नंतर आली, आधी मी तीनदा तपासलं होतं, ते सांग. मी तेही सांगितलं. ती एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती, शर्ट छातीशी धरून.

"केवढी फिरवलीस?" त्यानं विचारलं.

मी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. मध्ये तांदळाचा दाणा राहील एवढी फट. त्यानं पुढं येऊन माझं मनगट धरलं, घट्ट धरलं, आणि माझा तो हात तसाच, बोटं न मिटू देता, तिच्यासमोर उचलून धरला.

"बघ," तो तिला म्हणाला. "एवढंच. बाकी सगळं माझं बरोबर होतं."